एका वेळी एकच सूर

बूट पुसून घ्या, टाय नीट बांधा. साल १९४८. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या नाचघराच्या दारात तुम्ही उभे आहात. चौथऱ्यावर बँड बसलाय आणि त्याच्या पुढे ट्रम्पेट घेऊन उभे आहेत अँतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचे. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणते. आर्मस्ट्राँगची ट्रम्पेट त्यांनी अशी काही अंगात मुरवली आहे, की भारताचा लुई आर्मस्ट्राँग हीच त्यांची ओळख होऊन बसली आहे.

आत या, पण नाचू नका. कोपऱ्यातलं टेबल धरा आणि वादकांच्या हातांकडे बघा. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवून तारांचे ब्रश हातात घेतलेत, त्यामुळे ताल आदळत नाही, सरपटतो. ट्रम्पेटच्या तोंडाला म्यूट लावलाय. पियानोवाला चालीच्या मध्ये मोकळ्या जागा सोडतोय आणि त्या जागांमधून टेबलांवरच्या गप्पा ऐकू येतायत. बँडला माहीत आहे, की समोरची माणसं बोलणार, जेवणार, मधेच उठून नाचणार. धून अशी बांधायची, की लक्ष दिलं नाही तरी ती खोली भरून राहील आणि लक्ष दिलं तर प्रत्येक फेरीत काहीतरी नवं हाती लागेल. अशा वाजवण्याला पुढे लाउंज म्हणू लागले. काही लोक ते हलकं समजतात. मला तसं कधीच वाटलं नाही. लोकांच्या गप्पांच्या खाली राहून सूर शाबूत ठेवायला मोठा संयम लागतो.

आता दोन-तीन वर्षं पुढे सरका. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आलाय, हॉटेलांतल्या रात्री ओसरू लागल्यात आणि वादकांची पोटं सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर जास्त जास्त अवलंबून राहू लागलीत. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, हे वादक हवेच आहेत. १९५१च्या ‘अलबेला’त भगवानदादा आणि गीता बाली नाचतात तेव्हा मागे झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून वाजवणारा बँड चिक चॉकलेट यांचाच आहे. पडद्यावर दिसायचं भाग्य मात्र फार थोड्यांना मिळालं. संगीतकार चाल गाऊन दाखवायचे. ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून व्हायोलिनला काय, क्लॅरिनेटला काय, ट्रम्पेट कुठे आत येणार, हे वाटून द्यायचं काम फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा गोमंतकीयांनी केलं. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी हातात घेऊन बघा. चित्रपटाचं नाव आहे, गायिकेचं आहे, संगीतकाराचं आहे. ज्याने चालीला उभं राहायला जमीन दिली त्याचं नाव कागदाच्या त्या गोल तुकड्यावर नाही. हे मला फार लागतं, आणि पुढच्या प्रवासात ते मी तुम्हाला विसरू देणार नाही.

१९५४. एक रेकॉर्डिंग हॉल. पंखे बंद आहेत, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो. वादकांचे शर्ट पाठीला चिकटलेत. इथे प्रत्येकाला वेगळा माइक मिळत नाही, म्हणून कोणाचा आवाज किती यावा ते माणूस कुठे बसतो त्यावर ठरतं. ढोलक मागे, बासरी पुढे, गायिका सगळ्यांत जवळ. कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

फिल्मिस्तानचा ‘नागिन’ तयार होतोय. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, संगीत हेमंतकुमार, पडद्यावर वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार. गोष्ट आहे सापाच्या विषाचा व्यापार करणाऱ्या दोन वैरी आदिवासी जमातींची. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चित्रपटाला गारुड्याच्या बीनची धून हवी आहे. पण हॉलमध्ये बीन नाही. एका तरुणापुढे एक बुटकी पेटी आहे, तीन सप्तकांची. तिच्यापासून निघालेली वायर एका स्पीकरच्या खोक्यात गेली आहे. आत काचेचे व्हॉल्व्ह तापतायत. आवाजाचा रंग बदलायला पुढे खटके आहेत, आवाज कमीजास्त करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा आहे.

ही क्लॅव्हिओलीन. कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने १९४७च्या सुमारास बनवलेलं वाद्य. वाजवणारे आहेत कल्याणजी वीरजी शाह, गिरगावात किराणा दुकान असलेल्या कच्छी घरातले. ते अजून कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी झालेले नाहीत. हेमंतकुमारांचे साहाय्यक रवी त्यांना हार्मोनियमची साथ देतायत.

पेटीच्या जवळ जा. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी ती एकच सूर देते. तिला एका वेळी एकच सूर येतो. पियानोला दहा बोटांचे दहा सूर येतात, हिला नाही. म्हणून कल्याणजींच्या बोटांना सगळं त्या एका रेषेतच सांगावं लागतं: सापाचं वळण, फण्याचं डोलणं, धोका, ओढ. सूर एकमेकांना चिकटवायचे, मधेच थरथरवायचे, शेवटाला लोंबकळत ठेवायचे. मोकळ्या रानातलं वाद्य नाही, वीज खाणारी पेटी आहे, तरी हॉलमधल्या माणसांच्या अंगावर काटा येतो. ‘नागिन’च्या संगीतासाठी हेमंतकुमारांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ती बीन वाजवणाऱ्या हातांचं नाव तबकडीवर शोधायला जाऊ नका.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. एका वेळी एकच सूर देणाऱ्या वाद्यावर जन्मलेली चाल स्वतःच्या पायांवर उभी राहायला शिकते. तिच्याखाली कॉर्डची गादी नसते. तिला काय अभिप्रेत आहे ते ती अर्धंच बोलते, उरलेलं अर्धं दुसऱ्या कोणी तरी बोलायचं असतं. म्हणूनच अशी चाल पुन्हा पुन्हा नव्याने मांडता येते. आणि ती नव्याने मांडणारा तिची नक्कल करत नसतो, तिच्यात मोकळ्या राहिलेल्या जागा भरत असतो.

क्षणभर फार लांब जाऊन येऊ. १९५७च्या आसपास, होनोलुलू, वायकिकीचा समुद्रकिनारा. शेल बार नावाच्या उघड्या बारमध्ये मार्टिन डेनी पियानोवर बसलेत. लेस बॅक्स्टर यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली ‘क्वाएट व्हिलेज’ ही धून ते मोजक्या माणसांत वाजवतायत: पियानो, व्हायब्राफोन, बास, तालवाद्यं. शेजारच्या तळ्यात बेडूक ओरडतायत. बेडकांना जोड म्हणून वादक तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढू लागलेत आणि श्रोत्यांना ते इतके आवडलेत, की तबकडीवरही पक्षी आलेत. ‘एक्झॉटिका’ या नावाने ती तबकडी गाजली आणि लाउंजची एक अख्खी शाखा तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत बसून लोक न पाहिलेल्या जंगलाची कल्पना करू लागले.

त्या जंगलाच्या कल्पनेचं मला कौतुक आहे. फक्त ती ऐकताना मला एक खरं रान आठवतं. चला तिकडेच.

साठच्या दशकातला वैशाख. नाशिकहून गिरणारे मागे पडलं, वाघेरा घाट चढून उतरलात. मोहाच्या फुलांचा वास अजून हवेत आहे. डोंगरउतारावरची भाताची आणि नागलीची शेतं पावसाची वाट बघत उघडी पडलीत, राब भाजून काळी झालीत. कोकणा, वारली, महादेव कोळी यांचे पाडे मागे टाकत तुम्ही हरसूलला पोचता तेव्हा अंधार पडलाय. वीज नाही. कुणाच्या तरी ओट्यावर ट्रान्झिस्टर चालू आहे. रेडिओ सिलोन लागलंय, सूर लाटांसारखे जवळ येतात आणि लांब जातात. ‘साज और आवाज’मध्ये आधी एखाद्या गाण्याची नुसती धून वाद्यावर वाजते, मग तेच गाणं लागतं. व्हॅन शिप्ली यांची इलेक्ट्रिक गिटार असेल, पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन असेल. शब्द नाहीत, पडदा नाही, नायिका नाही. नुसती चाल.

एचएमव्हीच्या अशा धुनांच्या तबकड्या शहरांतल्या पांढरपेशा घरांत पाहुणे आले की लावल्या जात. आपल्याकडचं लाउंज ते हेच. कोणी त्याला त्या नावाने हाक मारली नाही एवढंच. अकॉर्डियनवर गाण्याचे शब्द गाळले जातात तेव्हा त्यांच्या जागी श्वास येतो, भाता उघडतो आणि मिटतो. गिटारवर गायिकेची मींड पोलादी तारेवरून घसरते. पाहुणे चहा पितात, बोलत राहतात आणि मधेच कोणी तरी गप्प होऊन ऐकू लागतं. कोणतं गाणं आहे ते त्याला आठवत असतं, पण शब्द नसल्यामुळे पहिल्यांदाच चाल ऐकू येत असते.

ओट्यावरचा ट्रान्झिस्टर कोणी तरी बंद केला. सेल वाचवायला हवेत, आणि शिवाय बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा रात्रभराचा खेळ, सुरू होतोय.

गर्दीत शिरा. टेंभे पेटलेत, तेलाचा धूर डोळ्यांत जातोय. आधी गणपती, शारदा. मग एकामागून एक सोंगं: खंडेराव, नरसिंह, भीम, त्राटिका, रावण. मुखवटे मोठे आहेत, जड आहेत, रंगांवर टेंभ्याचा उजेड हलतो तसे त्यांचे डोळे हलल्यासारखे वाटतात. कित्येक गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराकडेच असतं. बाप नाचवायचा ते सोंग आता मुलगा नाचवतो. मुखवट्याच्या आतल्या माणसाला धड दिसत नाही. त्याला वाट दाखवतो तो संबळ.

म्हणून सोंगाकडे बघू नका, संबळवाल्याकडे बघा. कमरेला बांधलेली दोन तोंडं, एक चढ्या आवाजाचं, एक खर्जातलं. शेजारी पिपाणीवाला, गाल फुगवून. तो श्वास घेतो कधी तेच कळत नाही, सूर तुटत नाही. गणपती डुलत डुलत पुढे येतो तेव्हा संबळ थबकत थबकत चालतो. त्राटिका आली की तोच संबळ अंगावर धावून येतो, पोरं मागे सरकतात, आया त्यांना पदराआड घेतात. सोंग दिसायच्या आधी ताल बदलतो आणि अंधारातून काय येणार आहे ते गावाला कानांनी कळतं. सोंगाची चाल म्हणजे त्याचं पायांनी चालणं आणि त्याची धून, दोन्ही एकच.

चित्रपटाचं पार्श्वसंगीत याहून वेगळं काय करतं? खलनायक दारात यायच्या आधी त्याचे सूर येतात. नायिकेची धून तिच्या मागून चालते. त्यासाठी जगभर वाद्यवृंद बसवले गेले, स्टुडिओ उभे राहिले. इथे दोन-तीन माणसं तेच काम रात्रभर करतात, पहाटे देवी आणि महिषासुराची झुंज होईपर्यंत, आणि समोरचा पडदा म्हणजे टेंभ्याच्या उजेडाएवढा अंधार.

मध्यरात्र उलटून गेली, सोंगांच्या मध्ये थोडी मोकळीक आहे. तंबाखू मळता मळता पिपाणीवाला तोंडातल्या तोंडात काही घोळवतोय. ट्रान्झिस्टरवर ऐकलेलं असेल, तालुक्याला लागलेल्या सिनेमात ऐकलेलं असेल. तो पिपाणी उचलतो आणि ‘नागिन’ची बीन वाजवतो.

एक क्षण इथेच थांबा. गारुड्याच्या बीनची नक्कल गिरगावातल्या एका माणसाने विजेच्या फ्रेंच पेटीवर केली. त्या पेटीची नक्कल आता फुंकून वाजवायच्या लाकडी पिपाणीवर होते आहे. पडद्यावर आदिवासी म्हणून उभे केलेले लोक स्टुडिओतल्या रंगवलेल्या रानात नाचले. त्यांची धून खऱ्या रानातल्या आदिवासी वादकाच्या हाती आली, आणि त्याने ती कोणाची परवानगी न मागता आपली करून टाकली. त्याने तिला संबळाचा ताल दिला. बीनमध्ये नसलेला एक झटका दिला, ओळीच्या शेवटाला, जिथे नाचणाऱ्याचा पाय जमिनीला लागतो. हॉटेलातल्या अरेंजरने जे केलं असतं तेच त्याने केलं: समोर कोण आहे ते पाहिलं आणि त्यांच्यासाठी चाल पुन्हा बांधली.

पुढची काही वर्षं भराभर ओलांडू. १९८२, मुंबई. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात वाजवलेले, चित्रपटांच्या धुनांच्या कित्येक तबकड्या केलेले चरणजित सिंग नवी जपानी यंत्रं घेऊन बसलेत: रोलँडचा ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ नावाची चपटी चंदेरी पेटी. ती बासवादकाच्या जागी वापरायला म्हणून निघालेली, आणि तिलाही एका वेळी एकच सूर येतो. दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी आली आणि विसरली गेली. २०१०मध्ये हॉलंडमधून ती पुन्हा निघाली तेव्हा शिकागोच्या अॅसिड हाउस संगीताच्या आधीच हे मुंबईत झालं होतं म्हणून जगभर खळबळ माजली. चरणजित २०१५ साली गेले, पण त्याआधी त्यांना दाद मिळाली, एवढं तरी बरं झालं.

नव्वदच्या दशकातली एक सुट्टीची दुपार, नाशिकच्या एखाद्या कॉलनीतलं घर. टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम, त्यात खुपसलेली ‘कॅसेट’. ती नीट चालावी म्हणून पोरं तिच्यात फुंकर मारतात. ‘सुपर मारिओ’ सुरू होतो. ही धून कोजी कोंडो यांनी १९८५ साली बसवली. यंत्रातल्या चिपला मोजून पाच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखरीची, एक रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यांची. प्रत्येक वाटेवर एका वेळी एकच आवाज. पहिल्या दोन वाटांवर चाल आणि तिची जोडीदारीण, त्रिकोणी लहरीवर बास, खरखरीतून ड्रम. पुन्हा तीच गोष्ट: अर्धं बोललेलं, आणि बाकीच्यासाठी जागा.

आता जगात कुठे कुठे जाणते वादक ही धून लाउंजमध्ये वाजवतात. चौकोनी लहरीच्या जागी व्हायब्राफोन, खरखरीच्या जागी ब्रश, त्रिकोणाच्या जागी उभा डबल बास, आणि नायलॉनच्या तारांच्या गिटारवर ब्राझीलचा बोसा नोवा. ताल मूळचाच लॅटिन अमेरिकेकडे झुकलेला असल्यामुळे बोसा नोवा ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. पण फरक कुठे पडतो ते ऐका. खेळात घड्याळ चालू असतं. वेळ शंभरच्या खाली आली की धून वेगाने धावू लागते आणि पोरांचे अंगठे घामेजतात. लाउंजमध्ये घड्याळ काढून घेतलेलं असतं. ‘नागिन’च्या धूनमधून साप काढून घ्यावा तसं. भीती काढून घेतली तरी चाल उभी राहते का, हीच तिची परीक्षा. जी चाल केवळ प्रसंगाच्या जोरावर थरारक वाटत होती ती इथे कोसळते. मारिओची कोसळत नाही. भीती गेल्यावर तिच्यात उरतो तो खेळकरपणा, आणि तो मुळापासून तिथेच होता हे आपल्याला वीस-पंचवीस वर्षांनी कळतं.

एका खेळाने तर हे रूपांतर गोष्टीतच गुंफलं. २०१३चा ‘बायोशॉक इन्फिनिट’ १९१२ सालात घडतो, पण त्या जगात काळाला भेगा पडल्यात आणि पुढच्या काळातली गाणी त्या भेगांमधून झिरपून जुन्या ढंगात वाजतात. ऐंशीच्या दशकातलं गाणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पियानोवर. त्यातल्या काही गाण्यांना तो जुना साज चढवणारे स्कॉट ब्रॅडली पुढे आजची गाणी जुन्या साजात वाजवणारे म्हणूनच प्रसिद्ध झाले.

१९१२ हे साल मी मुद्दाम घेतलं. त्याच वर्षी जपानच्या नागोया शहरात टाइपरायटरसारखे खटके असलेलं एक तंतुवाद्य तयार झालं, तैशोगोतो. ते समुद्र ओलांडून भारतात आलं, बुलबुल तरंग झालं, आणि महाराष्ट्राने त्याला बँजो असं नाव दिलं. आता तुम्ही पुन्हा वाघेरा घाट उतरताय. या वेळी साल आजचं आहे, खिशात मोबाइल आहे आणि त्याची रेंज येते-जाते. हरसूलजवळच्या एका पाड्यावर हळद आहे. मांडवापुढे बँजो पार्टी.

बँजोची तार पिकअपमधून अॅम्प्लिफायरमध्ये, तिथून माणसाच्या छातीएवढ्या स्पीकरमध्ये. बाजूला ढोल, ताशा, एक ऑक्टोपॅड. जास्त पैसेवाल्यांच्या लग्नात डीजे येतो, पण बँजोवाल्याला फर्माईश करता येते, त्याच्या तोंडाजवळ जाऊन ओरडता येतं, म्हणून तो अजून टिकून आहे. नवरदेवाचे मित्र ओरडतात, “नागीण! नागीण!” आणि तो वाजवतो. १९५४ची धून, खटक्यांवर, घोड्याच्या वेगाने. एक पोरगा तोंडात रुमाल धरून त्याची बीन करतो, दुसरा हाताचा फणा करून धुळीत लोळतो, म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. यातल्या कितीजणांनी तो चित्रपट पाहिलाय? गरजच काय? धुनेने चित्रपट कधीच मागे टाकलाय.

थांबा. नाचणारे जेवायला बसू देत. नागलीच्या भाकरी, भात, डाळ. वादकांनाही पानं वाढली जातील, त्यांचं जेवण होऊ द्या. मग बँजोवाल्याच्या शेजारी बसा आणि विचारा, “दादा, हीच नागीण हळू वाजवता येईल? निम्म्या चालीत?”

तो तुमच्याकडे बघेल. “हळू वाजवली तर नाचेल कोण?”

“नाचायला नको. नुसती ऐकायला.”

तो वाजवून बघेल आणि तुम्हाला लगेच अडचण कळेल. बँजोचा सूर टिकत नाही. तार छेडली की आवाज वर जातो आणि पडतो. वेगात ते लपून जातं, हळू वाजवताना दोन सुरांच्या मध्ये खड्डे पडतात. हॉटेलातल्या बँडपुढे हाच प्रश्न असायचा, आणि तिथे चाल ट्रम्पेटला देऊन पियानो बाजूला व्हायचा. इथे उत्तर मांडवाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलंय. देवाच्या कार्याला बोलावलेले पिपाणीवाले बाबा जेवून विडी ओढतायत आणि त्यांचा पुतण्या संबळाची तोंडं ताणतोय. बँजोवाला तुमच्या आधीच ओळखेल. “बाबा, तुम्ही घ्या वरचं,” असं म्हणेल.

बाबा पिपाणीची पत्ती ओठांत ओली करतील. पहिला सूर येईल आणि संपणारच नाही. कल्याणजींच्या पेटीने जे चिकटवलं होतं ते इथे एका माणसाच्या गालातल्या हवेवर तरंगेल. बँजोवाला चाल सोडून देईल आणि ओळ संपते तिथे दोन-तीन ठिणग्या टाकेल, तळाची तार अधूनमधून हलती ठेवेल. लाउंजमध्ये जी जागा व्हायब्राफोनची, ती तो न सांगता धरेल. संबळवाला पोरगा काठ्या खाली ठेवेल आणि बोटांनी वाजवू लागेल. खर्जाचं तोंड तळव्याने दाबून सोडलं की त्याचा आवाज खाली उतरतो, आणि तोच बास. ऑक्टोपॅडवाल्याला मात्र गप्प बसायला सांगावं लागेल.

जेवणाऱ्यांच्या गप्पा चालूच राहतील. बायका वाढत राहतील, एखादं लेकरू रडेल. ऐकलंच पाहिजे असा हट्ट ही धून धरणार नाही. पण तुम्ही बघाल, पंगतीच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्याचा घास हातातच राहिलाय आणि तो पिपाणीच्या दिशेने बघतोय. तिसऱ्या फेरीत बाबा चाल मोडतील. मधल्या ओळीत एक वळण असं घेतील, जे ‘नागिन’मध्ये नाही. ते कुठलं म्हणून विचारलंत तर सांगतील, “त्राटिकेचं. बोहाड्यात वाजवतो ना.” नागीण आणि त्राटिका एका धूनमध्ये बसल्या आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

हे सगळं तुमच्या मोबाइलमध्ये उतरलं आहे. पाहुण्यांचे आवाज, भांडी, मागे कुत्रं, सगळ्यासकट. साफ करायला जाऊ नका. पहाटे वऱ्हाड निघायचं आहे, वादकांना दोन-तीन तास झोपू द्या. पण उठण्याआधी तिघांची नावं विचारा. पहिलं नाव, आडनाव, पाडा. बाबांना पिपाणी कोणी शिकवली तेही विचारा, ते एक नाव आणखी सांगतील. फाइलला ती चारही नावं द्या, आणि मगच ती पुढे कोणाला पाठवा.